जुनी बनियन, थोडी टूथपेस्ट

रिफातला तलगातचं घड्याळ हवंय, त्यावरचे ओरखडे नकोत.
म्हणाला, मावशी, नवी काच टाकून घे ना,
चिस्तोपोलच्या बाजारात पोस्टाशेजारी बसतो तो माणूस,
दहा मिनिटांचं काम.
मी म्हटलं, तू चहा घे आणि दार लाव,
कामावरून वारा येतोय.

(कामा आमची नदी.
अर्ध्या गावाचं काम तिच्यावर होतं,
उरलेल्याचं घड्याळांच्या कारखान्यात.)

काच कसली, प्लॅस्टिकच ते.
खऱ्या काचेला ही युक्ती चालत नाही.
प्लॅस्टिक तेवढं ऐकून घेतं.

आधी कडेने चिकटपट्टी, धातूवर काही जायला नको.
मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, दोन हजार नंबरचा,
आणि इथेच सगळ्यांचा हात थांबतो,
कारण एक चरा घालवायचा तर
शंभर बारीक चरे आपणच पाडायचे.
काट्याने काटा.
बघता बघता अख्खी काच दुधाळ होते,
आतले काटे दिसेनासे होतात,
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं घड्याळ माझ्याकडे बघतं
आणि रिफात ओरडतो, घालवलंस ना!

बाराजवळचा मोठा चरा बार्जच्या दाराचा,
किंवा बर्फ फोडतानाचा,
तलगात दर वेळी वेगळं सांगायचा.
चारजवळचा माझा.
भांडताना मी त्याचा हात ओढला, तो स्टोव्हच्या कडेला लागला.
त्यावर तो कधी काही बोलला नाही,
वेळ विचारली की एवढंच म्हणायचा,
चार वाजून तुझी काही मिनिटं.

तो चरा आता गेला.
पेपरखाली कधी गेला, कळलंही नाही.

आता टूथपेस्ट. वाटाण्याएवढी.
दात पांढरे करणारी नको, ती खरखरते.
साधी, पुदिन्याची, पोरांना तिखट लागते ती.
आणि त्याच्या बनियनचा तुकडा, काखेकडचा,
धुऊन धुऊन सगळ्यात मऊ झालेला.
गोल, गोल. फार दाबायचं नाही.
अंगठा दुखला की हात बदलायचा.

तेवीस वर्षं मी चौथ्या खात्यात बसले,
पांढरी टोपी, डोळ्याला भिंग,
समोर ट्रेमध्ये ओळीने घड्याळं.
डोळ्यांत तेल घालून बघायचं.
काचेखाली धुळीचा कण? परत.
बोटाचा ठसा? परत.
मुली मला मागून परत-आपा म्हणायच्या,
आणि मी ते ऐकलंय हे त्यांना माहीत होतं.

पुसलं.
काच नव्हतीच जणू.
आणि सहाच्या खाली, जिथे कारखान्याचं नाव संपतं,
एक पापणीचा केस.

फुंकर मारली. फडकं फिरवलं. मग लक्षात आलं, आतून आहे.
चौतीस वर्षं
ओरखड्यांनी तो झाकून ठेवला होता.

घड्याळ त्याने दुकानातून घेतलं होतं, स्वतःच्या पहिल्या पगारातून.
तेव्हा आमची ओळखही नव्हती.

मागच्या झाकणाच्या आत तपासनिसाचा शिक्का असतो.
झाकण उघडायची किल्ली माझ्याकडे आहे,
ड्रॉवरमध्ये, सुया-दोऱ्यांखाली.
उठले. ड्रॉवर ओढला. पुन्हा लावला.
आमच्या पाळीला सोळाजणी होत्या
आणि पापण्या सगळ्यांनाच होत्या.
शिवाय महिनाअखेर असेल, आकडा भरायचा असेल,
कुणाचा तरी डोळा चोळला गेला असेल.

रिफात म्हणाला, काय बघतेस एवढं? झालं ना?

झालं, म्हटलं. पास.

पट्टा त्याला आखूड पडतोय.
एक भोक वाढवायला मी दाभण शोधतेय,
बोटांना अजून पुदिन्याचा वास,
आणि तो मनगट कानाशी धरून उभा आहे,
चालू आहे की नाही ऐकत.