शून्यापासून

टॅबलेट थंडीत मरतो, म्हणून ओयुनगेरेलने तो
अंगरख्याच्या आत पोटाशी धरलाय,
आजारी कोकरू धरावं तसा.
मोटारसायकलवर बेचाळीस किलोमीटर. उणे एकतीस.
पापण्यांना बर्फाचे मणी.

डिसेंबर. शिरगणतीचा महिना.
गोबीच्या या कडेला कुंपण नाही, पत्ताही नाही.
चेरमाचा तंबू गेल्या गणतीपासून तीनदा हलला,
आणि नकाशा अजून पहिल्याच जागी
धूर शोधतो आहे.

आधी खारट चहा. मग प्रश्न.
शेळ्या किती?
चेरमा आकडा सांगत नाही, शेळ्या सांगते:
राखी पाठीची, एका शिंगाची,
ती विजेला घाबरणारी, तिच्या दोन मुली...
ओयुनगेरेल जुळवत जाते, लिहिते: दोनशे चौदा.
विजेच्या भीतीला रकाना नाही.

उंट, घोडे, सौर पाटी, शाळेतली मुलं,
विहिरीपर्यंतचं अंतर.
पडदा हिरवा होत होत
सतराव्या प्रश्नाशी येऊन अडतो:
कुरणातल्या गवताची उंची, सेंटिमीटरमध्ये.

दोघी बाहेर येतात. हातांनी बर्फ सारतात.
मीटरभराची लाकडी चौकट जमिनीवर ठेवतात.
चौकटीत खडे, दोन लेंड्या, उघडी पडलेली मुळं.
मोजपट्टी उभी केली,
पण कशाच्या शेजारी?
ओयुनगेरेल शून्य भरते.
पडदा म्हणतो: एक ते साठमधली संख्या भरा.

"एक लिही," चेरमा म्हणते,
"अंधाराआधी पोचायचंय तुला."
भल्या बाईचा भला सल्ला.
एक म्हणजे फार खोटं नाही, नखाएवढं.
पण तंबूतंबूतलं नखाएवढं जोडत गेलं
की राजधानीतल्या भिंतीवर एक हिरवा तालुका उगवतो,
आणि हिरव्या तालुक्याला
कुणी चारा धाडत नाही.

जुनी माणसं शून्याला पूज्य म्हणत.
उगीच नसतील म्हणत.

ती एक लिहीत नाही.
चौकटीचा फोटो काढते,
कोपऱ्यात स्वतःच्या बुटाचं टोक येऊ देते,
आणि अपुरा अर्ज घेऊन टेकडी चढते,
जिथे सिग्नलची एक काडी मिळते.
दोन्ही हात वर. जणू आभाळालाच दाखवतेय:
बघ.

राजधानीत, गरम नळ्यांच्या खोलीत,
एनेबिश नावाच्या पोरापुढे
तीनशे सहा अर्ज 'सदोष' म्हणून येऊन पडलेले.
सगळे सतराव्याशी अडलेले.
'आडमुठे लोक' म्हणता म्हणता तो एक फोटो उघडतो.
मग दुसरा.
खडे. बूट. खडे. बूट.
एकात घोडीचा खूर, आडवा.
एक ते साठ
त्यानेच लिहिलं होतं, मागच्या उन्हाळ्यात,
जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत.

रात्री तो एका ओळीत एवढंच बदलतो:
एकच्या जागी शून्य.

सकाळी नकाशा लाल.
साहेब विचारतात, एका रात्रीत एवढं काय बिघडलं?
"रात्रीत नाही," एनेबिश म्हणतो,
आणि पुढे काय म्हणावं ते त्याला सुचत नाही.

चारा आला. उशिरा आला. अकरा गठ्ठे.
दोरखंड वळून वळून चेरमाच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या,
यंत्राने तिला चौथ्या वेळी ओळखलं.
विजेला घाबरणारी वाचली.
तिच्या मुलींपैकी एक.
ओयुनगेरेलने लिहिलं: एकशे छप्पन्न.
चेरमा उरलेल्या अठ्ठावन्नांचे रंग सांगत राहिली,
आणि ती टॅबलेट मिटवून
ऐकत राहिली.

जूनमध्ये पुन्हा सतरावा प्रश्न.
चेरमा गुडघे टेकते, गवताशेजारी पंजा आडवा धरते:
चार बोटं.
"सेंटिमीटर सांग गं, सेंटिमीटर."
"आधी विचार त्याला," ती म्हणते,
"त्याचा सेंटिमीटर
कुणाच्या बोटांवर बेतलाय."