इतिवृत्ताबाहेर

मॅब्री काउंटीच्या सभागृहात मी टिपणं घेते,
सतरा वर्षं झाली.
सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरुद्ध किती.
वासासाठी रकाना नसतो.

टॉलिव्हर लेनवर एकोणचाळीस घरं.
शहराची हद्द तिथवर येते
आणि डबकं चुकवावं तशी
वळसा घालून पुढे निघून जाते.
जमीन कॅरोलायनाची, लाल, चिकण.
तपासनीस येतो, हातभर खड्डा खणतो,
बादली ओततो, घड्याळाकडे बघत बसतो
आणि लिहितो: पाणी मुरत नाही.
कुठे मुरतंय ते मात्र
अकरा वर्षं दोन्ही कचेऱ्यांना ठाऊक होतं.

शहर म्हणे, माणसं काउंटीची.
काउंटी म्हणे, गटार शहराचं.
भिजत घोंगडं नुसतं म्हणायला असतं,
हे खरोखर भिजत होतं
ओझेला पेटिफर्डच्या मागच्या अंगणात,
जिथलं गवत गल्लीत सगळ्यांत हिरवं
आणि जिथे नातवंडांना पाऊल टाकायची बंदी.

काल दोन्ही सभा एकत्र बसल्या.
खुर्च्या कमी पडल्या, शाळेतून मागवल्या.
ओझेलाबाई उठल्या. प्रत्येकाला तीन मिनिटं.
"कपडे मी सोमवारी धुते," त्या म्हणाल्या,
"म्हणजे मंगळवारी आंघोळ नाही.
नोव्हेंबरच्या सणाला चोवीस माणसं माझ्याकडे जेवतात
आणि पुढच्या कामाला पेट्रोल पंपावर जातात.
व्हर्जिल गेला तेव्हा
भेटायला आलेल्यांना
दुसरा कप कॉफी विचारायची मला भीती वाटली."
लाल दिवा लागला.
मी लिहिलं: श्रीमती पेटिफर्ड यांनी मत मांडलं.

मग अभियंता हनीकटने नकाशा पसरला.
शहराची मोठी वाहिनी, चौऱ्याहत्तर सालची,
शुद्धीकरण केंद्राकडे जाताना
टॉलिव्हर लेनच्याच खालून जाते.
"तीन झाकणं आहेत तुमच्या रस्त्यावर," तो म्हणाला,
नवीन काही सांगितल्यासारखं.
"आहेत ना," ओझेलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या,
"मधल्या झाकणावर माझ्या थोरल्याचा दात पडला."

आकडे आले. चाळीस लाख डॉलर.
काउंटी पंचेचाळीस टक्के, शहर पस्तीस,
उरलेलं राज्य देईल, दिलं तर.
जोडणीचे घरटी अठराशे कोणी भरायचे
यावर पाऊण तास गेला.
फेअरक्लॉथ म्हणाले, आमच्या भागातल्या लोकांनी
दुसऱ्यांच्या संडासाचे पैसे का द्यावेत?
कोणीतरी मागून खोकलं. मी पान उलटलं.
शेवटी ठरलं: दहा वर्षांचे हप्ते, पाण्याच्या बिलात.

अकरा वर्षं या माणसांनी
हात वर केले होते.
काल पुन्हा वर केले,
पण या वेळी मी ते मोजले.
सात विरुद्ध चार.

टाळ्या झाल्या नाहीत.
ओझेलाबाईंनी पर्स उघडली, चष्मा आत ठेवला,
विचारलं, "कधी?"
दोन्ही अध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं,
मग दोघांनी हनीकटकडे.
"निविदा निघाल्यावर," तो म्हणाला. "पुढचा मे. नाहीतर त्याच्या पुढचा."
त्या म्हणाल्या, "मी बहात्तर वर्षांची आहे,"
तक्रार म्हणून नव्हे,
त्याला हिशोबात धरता यावं म्हणून.
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली.
हे इतिवृत्तात आहे.

घरी आले. माझं घर शहरात, टेकडीवर.
दात घासले, साखळी ओढली,
दिवा बंद करता करता थांबले.
एवढ्या वर्षांत कधी कान दिला नव्हता.
भिंतीतून खाली, मग बागेखालून, मग उतारावरून,
आवाज लांब गेला, लहान झाला,
आणि पुढे मला ऐकू येईना तिथून
त्याचा रस्ता मला पाठ होता:
पहिलं झाकण, मधलं झाकण,
ओझेला पेटिफर्डच्या दाराखालून,
न थांबता.