माप

सुभाषनगर, पहाटेचे तीन.
दारात भाऊजींची रिक्षा, तोंड सीपीआरकडं करून,
लागलीच तर.
जैतुनबीनं दाब बघितला, हातमोजे चढवले,
म्हणाली, "अजून वेळ हाय. चाल जरा."

मी चालते. कातड्यांच्या ढिगापासून मोरीपर्यंत,
मोरीपासून ढिगापर्यंत.
मालन काही करत नाही, म्हणजे
कळ आली की कंबर दाबते,
गेली की गुळाचं पाणी पाजते,
आणि माझ्याबरोबर चालते, अनवाणी.

बाहेरच्या खोलीत हे तळ ठोकत बसलेले.
कुणीतरी म्हणालं असेल, बंद कर की आता.
आवाज थांबला
आणि माझी कळ एकदम उघड्यावर पडली.
मी ओरडले, "ठोका! ठोकत ऱ्हावा!"

मग त्या ठोक्यांवर श्वास.
चार आत, सहा बाहेर.
कधी ठोका चुकायचा, कधी मी.
जैतुनबी हसली, "दोघं मिळून बाळंत व्हायलाय की!"

शेवटी काय झालं ते मला सांगता येत नाही.
मालनच्या दंडावर माझी नखं अजून आहेत.

मुलगी.
नाळ थरथरायची थांबेपर्यंत
जैतुनबीनं कात्री उचलली नाही.

हे आत आले, हात धुऊन, तरी कातड्याचा वास,
काखेत नेहमीची वही
गिऱ्हाइकांच्या पावलांनी भरलेली.
कोऱ्या पानावर तिचा पाय टेकवायला गेले
तर तिनं बोटं आवळून घेतली.
पेन्सिल फिरेना.
"ऱ्हाऊ द्या," मालन म्हणाली,
"अजून जमिनीला लागला न्हाई त्यो."

वहीत ते पान तसंच आहे.
वर नुसती तारीख,
कडेला गुळाच्या पाण्याचा डाग.