खर्चाचा रकाना

जुलैची एकोणतीस. ऐरोली, सेक्टर आठ.
मढवी मॅडम विचारतात,
"धंद्यासाठी काय काय घेतलं?"

माइक. बिल आहे.
वायफाय. "अर्धं धरू, अर्धं घरचं."
आवाज घुमू नये म्हणून
कपाटाच्या दारावर टांगलेली गोधडी.
"तिची पावती?"
मावशीनं शिवलीय, जुन्या लुगड्यांची.
मॅडम हसतात. पुढे.

वरच्या मजल्यावरचा ओजस चेंडू आपटतो,
रोज एका चॉकलेटवर चार ते पाच गप्प बसतो,
हे मी सांगतच नाही.
आणि माझं वाचन संपेस्तोवर
अडवून धरलेल्या कुकरच्या शिट्ट्या,
ताटकळलेली सासू,
हे कुठल्या रकान्यात?

"या कंपनीनं सहा हजार कापलेत,
भरलेले मात्र दिसत नाहीत."
मॅडम फोन लावतात, स्पीकरवर ठेवतात,
दुसऱ्या फायलीत डोकं घालतात.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
कृपया प्रतीक्षा करा."

गेल्या मार्चमधली मी.
सर्दी झाली होती तेव्हा,
'प्रतीक्षा'वर अजून ऐकू येते.

"कृपया प्रतीक्षा करा."

"काय बाई आहे," मॅडम म्हणतात, "थकत नाही."

मी पिशवीतून
चॉकलेटचं एक चुरगळलेलं वेष्टन काढते,
सरळ करत बसते.