काळा गोळा, एका सेंटला

नख्लेबाईंच्या दुकानाचं दार
समुद्राच्या दमट हवेनं फुगलेलं असायचं.
खांदा लावून ढकलावं लागे, मग घंटी वाजे,
आणि बाई मागच्या खोलीतून यायच्या,
पिठाचे हात एप्रनला पुसत,
एका सेंटचं गिऱ्हाईकही
पुरतं गिऱ्हाईकच असतं, अशा चालीनं.
नवरा गेल्यापासून त्या काळंच नेसत.
लेबनॉन कुठे आहे, असं मी एकदा विचारलं,
तर खिडकीबाहेर सगळ्या पाण्यावरून हात फिरवला.

मुठीतला सेंट तोवर घामेजलेला.
राजाचं डोकं तळव्यावर उमटलेलं,
बोटांना तांब्याचा वास.

बरण्या सात.
ज्येष्ठमधाचे काळे पाइप, तोंडाशी लाल साखरेचा विस्तव.
दालचिनीच्या गुलाबी कांड्या, आत चॉकलेट,
त्यांना कोंबडीची हाडं का म्हणत
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
मंगळवारपासून ठरलेलं असूनही
मी प्रत्येक बरणीशी थांबायचे.
नुसतं बघायला सेंट पडत नव्हता.
मग शेवटची बरणी, खिडकीपाशी,
उन्हानं झाकण पिवळं पडलेली.
काळा गोळा. सुपारीहून मोठा. एकच.

एकच, आणि खाणारे दोघं.
लॅकलन चौथीत, म्हणून आकडे त्याच्याकडे.
शंभर मोजून होईतो एकाची पाळी,
मग काढायचा, बाहीला पुसायचा, दुसऱ्याला द्यायचा.
त्याच्या पाळीत शंभर फार लांब असत.
सत्तरपाशी तो बुटाची नाडी बांधायला थांबे.
माझ्या पाळीत
एकोणतीसनंतर थेट एकेचाळीस.
मला कळायचं.
पण तोंडात गोळा असताना भांडता येत नाही,
आणि काढून भांडावं, तर पाळी जाते.

काळा, मग राखाडी, मग जांभळट,
मग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा पांढरा.
दर पाळीला रंग बघायला बाहेर काढायचा
आणि त्याला चिकटलेली मोज्याची लव
खाऊन टाकायची.
अगदी मधोमध बडीशेपेचा एक दाणा.
ज्याच्या पाळीत निघेल, त्याचा.

चार नंबरच्या खाणीचा भोंगा झाला
की आम्ही कुंपणाशी धावायचो.
माणसं वर यायची, सगळी सारखीच,
बाबा चालीवरून ओळखायचे.
आम्ही जिभा काढून दाखवायचो, काळ्याकुट्ट.
"आम्हीपण पाळी करून आलो!"
बाबा डबा खाली ठेवत,
वाकत, आणि आपली जीभ काढत.
गुलाबी.
अख्ख्या अंगात तेवढीच.

खाण मिटली. दुकानाच्या जागी आता
गाड्या उभ्या राहतात.
सेंटही गेला. परवा गल्ल्यावरच्या पोरीनं
दोन सेंट वरचेवर सोडून दिले,
मी आभार मानले,
आणि गाडीत बसून उगीचच चिडले.

लॅकलन सतराव्या वर्षी खाली उतरला,
छत्तीस वर्षं उतरत राहिला.
शेवटच्या मार्चमध्ये त्याच्या नाकात नळी होती,
खिडकीखाली बंदरातला बर्फ तुटत होता.
मी त्याला संत्र्याच्या फोडी सोलून देत होते.
म्हणाला, "एफी, मी मोजताना फसवायचो तुला."
"माहीत आहे."
"मग बोलली का नाहीस?"
"तोंडात गोळा होता."

हसला, ते खोकल्यात गेलं,
खोकला बराच वेळ चालला.
तो थांबल्यावर मी विचारलं,
साठ वर्षांत पहिल्यांदाच सुचलं मला,
"पण दाणा?
दाणा दर वेळी माझ्याच पाळीत कसा निघायचा रे?"

त्यानं डोळे मिटून घेतले.
नळीतून हवा येत राहिली.
ओठ तेवढे हलत होते,
मोजल्यासारखे,
मधले काही गाळून.