सहावा तास

फेब्रुवारी, गुरुवार, कॅलमाझूत रात्रीचे साडेनऊ.
तळ्याकडून आलेला बर्फ काचेवर टिचक्या मारतोय
आणि शाल्मलीचा फॉर्म माझ्यापुढे:
सात चौकटी, खाली पालकाची सही,
उद्या शेवटची तारीख.

मिसेस हुकस्ट्रा, शाळेच्या कौन्सेलर, भली बाई.
परवा म्हणाल्या, कॉलेजं मार्क बघतात,
पण त्याआधी बघतात
शाळेत जे अवघड होतं त्यातलं तुम्ही किती उचललंत.
उचललंत. जसं काही पोतं.
येताना लाल सिग्नलला मी मनातल्या मनात
माझ्या पोरीची पाठ मोजत होतो.

टिपणीसांचा निहार सहा एपी घेऊन ॲन आर्बरला गेला.
मंडळाची संक्रांत यंदा हॉल मिळेना म्हणून पंधरा दिवस उशिरा,
तर टिपणीस वहिनी हातावर वडी ठेवून म्हणाल्या,
तिळगूळ घ्या.
शाल्मलीच्या किती?

आमच्या वेळी सगळं उलटं होतं.
चिपळूणला, आठवीत, अण्णा म्हणाले,
पूर्ण संस्कृत घे, स्कोरिंग आहे.
देवः देवौ देवाः. शंभरात चौऱ्याण्णव.
एक श्लोक धड कळला नाही,
मार्क मात्र एकही सांडला नाही.
अजून लॅबमध्ये यंत्र सुरू होईपर्यंत
ओठ आपोआप चालतात,
देवम् देवौ देवान्.

लॅबमध्ये मी गोळ्या तपासतो.
गोळी किती कठीण, हे बघायला
ती दोन जबड्यांत धरून मोडावी लागते.
मऊ असली तर बाटलीतच भुगा होतो.
फार कठीण झाली
तर पोटात विरघळतच नाही,
आली तशी निघून जाते.
हे मी नव्या पोरांना वर्षातून दोनदा शिकवतो.

तर पेन घेतलं. केमिस्ट्री. कॅल्क्युलस,
त्यातही बीसी, नुसतं एबी नको. इतिहास. इंग्लिश.
पाचव्यात ऑर्केस्ट्रा, तिथे आमचा वाद नाही.
सहाव्यात फिजिक्सचा फ काढणार,
तोच तिने किराणाचं बिल सरकवलं, पाठीमागे हिशेब:

शाळा सात तास, बस सव्वा.
केमिस्ट्री दीड, कॅल्क्युलस सव्वा, इतिहास दोन,
इंग्लिश दीड, फिजिक्स दीड,
व्हायोला पाऊण, जेवण-आंघोळ दीड.
झोप आठ. आठ खोडून सात.
बेरीज सव्वापंचवीस.

"बाबा, दिवस एवढा नसतो."

मी परत बेरीज केली. नव्या बाजूने केली.
झोपेतल्या सातावर बोट ठेवलं आणि उचललं.
"फिजिक्स जड जातंय का?"
"नाही. जमेल. तेच तर.
जे जे जमेल ते ते घ्यायचं का?"
मग म्हणाली, "सहाव्या तासाला स्टडी हॉल टाक.
पावणेचोवीस होतात. पाव तास उरतो."
"त्या पाव तासात काय करशील?"
"माहीत नाही." जांभई. "बघीन."

ती वर गेली. मी बसून राहिलो.
चौकटीत वहिनी होत्या, अण्णा होते,
ॲन आर्बरचं न पाहिलेलं एखादं ऑफिस होतं,
तिथे कुणी चष्मा वर करून विचारत होतं,
इथे काय झालं?

पहाटे सव्वापाचला फोन वाजला.
रेकॉर्ड केलेला आवाज: बर्फामुळे शाळा बंद,
सगळे फॉर्म सोमवारी.

आता साडेदहा.
फॉर्म फ्रिजवर, पिझ्झावाल्याच्या चुंबकाखाली.
सहाव्यात स्टडी हॉल लिहिलंय मी,
पेन्सिलीने. खोडरबर खिशात आहे, खोटं कशाला बोलू.
अर्धा ड्राइव्हवे झाला, घोट्यापर्यंत ओला झालोय.
तिच्या खिडकीखालचा पट्टा तेवढा ठेवलाय,
तिथे फावडं फरशीवर फार घासतं.