दीड तासाच्या आतलं वाळवंट

जैसलमेरचं बुकिंग तिसऱ्यांदा रद्द केलं
तेव्हा फय्याज मुकादम एवढंच म्हणाला,
वाळवंट शोध,
पण वाशीपासून दीड तासाच्या आतलं.
त्याच्या अब्बांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी.
मधल्या दोन रात्री आमच्या.

जिप्सी त्याची, सत्त्याण्णव सालची.
दुसरा दांडा ओढला की आधी कुरकुरते, मग ऐकते.
मी घेतला तंबू, स्टोव्ह, वीस लिटर पाणी,
आणि टायर रुतला तर वाळूत घालायच्या
त्या दोन नारिंगी पट्ट्या,
अजून प्लास्टिकातल्या.

उरणच्या अलीकडे डांबर सोडलं.
खाजणाचा वास काचेआत आला आणि बसून राहिला.
पुढे मुरूमच मुरूम, रोलरखाली निजवलेला,
इतका सपाट की फय्याजने स्टिअरिंग सोडून
दोन्ही हात खिडकीबाहेर काढले.
गाडी सरळ चालत राहिली. वळायला काही नव्हतंच.

मग शहर लागलं.
म्हणजे रस्ते लागले, दुभाजक लागले,
सेक्टरची पाटी, गटारावर कोरी झाकणं,
एक बसथांबा, त्याच्या बाकावर कुत्रीची चार पिल्लं.
साडेसहाला सगळे दिवे एकदम लागले.
कुणासाठी, असं मी विचारणार होतो,
पण दिव्याखाली आम्हीच उभे होतो.

सात मजल्यांची एकुलती एक इमारत.
चौथ्या मजल्यावर शाळेचा गणवेश वाळत घातलेला.
शाळा कुठल्या दिशेला असेल
यावर आम्ही चहाची पैज लावली.
चहाचं दुकानही नव्हतं.

तंबूच्या खुंट्या जाईनात.
मुरूम वीतभर, खाली काहीतरी कडक.
दगडाने ठोकत होतो तेवढ्यात बॅटरीचा झोत आला.
झोतामागे शिट्टी, शिट्टीमागे हसुराम घरत,
वॉचमन, बारा तासांची पाळी.
आम्ही ओळखपत्रं काढली. त्याने बघितली नाहीत.

"तुमी निजताव ना, तो माजा तिसरा कुंडा," तो म्हणाला.
"हितशी उघारी. तो बांध. तिकरं मीठ भरलेली गलबतां."
बॅटरीने तो अंधारात रेघा ओढत गेला,
आणि खरं सांगतो, त्या रेघा विझल्या नाहीत.
"आता पगार मिलतो राखाचा.
कायला राखाचां, तां कोनी सांगलां नाय."

खुंटीने उकरलं तर करडं, ओलसर, चमचमणारं.
फय्याजने बोट लावून चाटलं
आणि लगेच पँटला पुसलं,
जणू घरातलं कुणी बघत होतं.

दोन्ही रात्री तो तंबूत झोपला नाही.
रेंज फक्त जिप्सीच्या बॉनेटवर येत होती,
म्हणून बॉनेटवर, फोन छातीवर उताणा ठेवून.
वर तारे म्हणावेत असे तारे नव्हते,
बंदराच्या क्रेनचे लाल दिवे होते.
मी त्यांनाच नक्षत्र समजून नावं ठेवत राहिलो
आणि पाचव्या नावाला घोरायला लागलो.

गुरुवारी पहाटे निघताना
हसुरामने वर्तमानपत्राची पुडी दिली.
शेवटच्या हंगामातलं, म्हणाला, डब्यात ठेवलेलं.
आम्ही त्याला त्या नारिंगी पट्ट्या दिल्या,
पावसात चौकीसमोर चिखल होतो म्हणून.
त्या आमच्या काही कामाला आल्या नव्हत्या.

वाशीला आठ वाजता अब्बा मशीनला लागले होते.
वाळवंट कसं होतं, त्यांनी विचारलं.
फय्याज म्हणाला, खारट.
आणि स्वतःच गप्प झाला,
कारण भिंतीवरच्या तक्त्यात पहिली ओळ मिठाची होती,
लाल शाईत.

मोकळ्या हाताने अब्बांनी पुडी सोडली.
एक खडा उचलून ट्यूबलाइटसमोर धरला, बोटात फिरवला.
पहिल्या काढणीचं नाही हे, म्हणाले,
पण आगर चांगलं होतं.
वीस वर्षं मापं घेतली आहेत मी यांची.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

नर्स आली तेव्हा
पुडी उशीखाली होती
आणि तिघेही आम्ही
पंख्याकडे बघत होतो.